नागोबा, भारुंड आणि यक्ष: मुलांना गोष्ट सांगायला पहिल्यांदाच बसताना

माझ्या भाचीला मी नागपंचमीची कहाणी पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती पाच वर्षांची होती. सगळी गोष्ट तिनं जागची न हलता ऐकली. नाग हार ठेवून निघून गेले आणि मी लगेच म्हटलं, "बघ, म्हणून आपण सगळ्यांना क्षमा करावी." तिनं मान हलवली आणि कूस बदलली. पुढच्या आठवड्यात माझ्या बहिणीनं तीच कहाणी तिला सांगितली, पण शेवटी काही बोलली नाही. त्या रात्री पोरगी अंधारात बराच वेळ जागी होती. मग तिनं विचारलं, "त्यांची शेपटं परत आली का गं?" आणि थोड्या वेळानं, "ते दाराआडून ऐकतायत हे तिला माहीत होतं का?"

दुसऱ्या प्रश्नाचा विचार मी अजून करते. त्यातूनच मी गोष्ट सांगायला शिकले.

हा लेख पहिल्यांदा गोष्ट सांगायला बसणाऱ्यांसाठी आहे. आई-बाबा, आजी-आजोबा, मामा-आत्या, बालवाडीच्या ताई, कोणीही. गोष्टी आहेत नाग, यक्ष, राक्षस, वेताळ, दोन तोंडांचे पक्षी अशा जिवांच्या, कारण चांगलं-वाईट, दिलेला शब्द, वाटून खाणं हे सगळं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांपर्यंत या जिवांच्या पाठीवर बसूनच आलं आहे. सामान काही लागत नाही. दहा मिनिटं आणि एक गोष्ट पुरते.

पहिली पायरी: एकच गोष्ट निवडा, वयाकडे बघून

नवखा माणूस आधी पाच-सहा पुस्तकं आणतो आणि रोज नवी गोष्ट वाचून दाखवतो. तसं करू नका. एक गोष्ट घ्या आणि दोन आठवडे तीच सांगा.

तीन-चार वर्षांच्या मुलाला अद्भुत प्राण्याचा गुंतागुंतीचा स्वभाव कळत नाही, पण त्याला ठेका कळतो. तिथं म्हातारी आणि भोपळ्याचीच गोष्ट घ्या. "म्हातारीबितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" एवढ्यावर मूल तुमच्या हातात येतं. बोलणारा वाघ आणि धावणारा भोपळा ही पुढच्या सगळ्या नाग-राक्षसांची तयारीच आहे.

पाच ते सात वर्षांसाठी नागपंचमीची कहाणी माझ्या मते सगळ्यात चांगली. पंचतंत्रातला भारुंड पक्षीही चालतो. बकासुराची गोष्ट याच वयात रंगते. एकचक्रा नगरीत पांडव ज्या घरी आसऱ्याला राहिले, त्या घरावर राक्षसाला अन्नाचा गाडा आणि सोबत एक माणूस पाठवायची पाळी येते, आणि कुंती म्हणते, माझा मुलगा जाईल. भीम गाड्यावरचं अन्न स्वतःच जेवत बसतो. राक्षस मागून पाठीत गुद्दे घालतोय आणि हा शांतपणे पुढचा घास घेतोय, इथं मुलं गडाबडा लोळतात. ज्यांनी आपल्याला घरात घेतलं त्यांच्या संकटात आपण उभं राहायचं, ही गोष्ट त्या हसण्याच्या आतच आहे.

आठ-नऊ वर्षांच्या पुढे यक्षाचे प्रश्न आणि वेताळ.

शक्य असेल तर जवळचा प्राणी शोधा. सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यात आरवली नावाचं गाव आहे. तिथल्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून त्या चपला झिजतात, असं गावकरी मानतात. मुलाला एवढंच सांगा: सगळं गाव झोपलेलं असताना एक जण जागा असतो, आणि सकाळी त्याच्या चपलांचे तळवे झिजलेले असतात. गोव्यात आणि तळकोकणात वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा राखणदार आहे. देशावर विहिरीपाशी, नदीकाठी शेंदूर लावलेल्या साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवता, आहेत. गडावर गेलात तर दरवाजावर कोरलेला शरभ दाखवा. सिंहासारखा देह आणि पंजांत चक्क हत्ती! हा कोण, कुठून आला, हे मुलालाच विचारा. मात्र वेतोबा, राखणदार, आसरा ही त्या त्या गावची श्रद्धास्थानं आहेत. त्यांच्याविषयी बोलताना त्या गावातलं मूल समोर बसलं आहे असं समजून बोला.

दुसरी पायरी: गोष्टीची कळ शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. प्रत्येक चांगल्या गोष्टीत एक क्षण असा असतो की तिथं तो प्राणी वाईट वागू शकला असता. त्याच्याजवळ ताकद असते, बहुतेक वेळा कारणही असतं, आणि तरी तो तसं वागत नाही. किंवा वागतो, आणि मग सगळंच जातं. त्या क्षणाला मी गोष्टीची कळ म्हणते. सद्गुण म्हणून जे काही असतं ते तिथंच असतं. तुम्हाला कळ सापडली नसेल, तर तुम्ही कितीही अभिनय करा, मुलाला ती सापडणार नाही.

नागपंचमीची कहाणी घेऊ.

आटपाट नगर होतं. एका घरी पुष्कळ सुना होत्या. श्रावण आला, नागपंचमी आली, सुना कोणी आजोळी गेल्या, कोणी माहेरी गेल्या. धाकटीला मात्र न्यायला येणारं कोणीच नव्हतं. ती मनाशी म्हणाली, नागोबाच माझा, तोच मला न्यायला येईल. शेषाला दया आली. त्यानं माणसाचं रूप घेतलं, मामा म्हणून आला आणि तिला घेऊन निघाला. वारुळाशी आल्यावर खरं काय ते सांगितलं, फण्यावर बसवून आत नेलं आणि घरात ताकीद दिली की हिला कोणी चावायचं नाही. एके दिवशी नागीण बाळंत होत होती. या मुलीच्या हातात दिवा होता. पिल्लं वळवळू लागली, ही घाबरली, दिवा हातातून पडला आणि पिल्लांची शेपटं भाजली. नागीण संतापली. मुलीला सासरी पोचवलं गेलं. पिल्लं मोठी झाली आणि आईला विचारू लागली, आमची शेपटं कशानं तुटली? आईनं सांगितलं. ते सूड घ्यायला तिच्या घरी आले.

तो दिवस नागपंचमीचा. तिनं भावांची वाट पाहिली, ते आले नाहीत, म्हणून पाटावर आणि भिंतीवर नाग काढले, लाह्या-दूध ठेवलं, पूजा केली आणि हात जोडून म्हणाली, माझे भाऊ लांडोबा, पुंडोबा जिथं असतील तिथं खुशाल असोत.

आडून बघणाऱ्या नागांचा राग गेला. रात्री ते तिथंच राहिले आणि पहाटे नवरत्नांचा हार ठेवून निघून गेले.

आता कळ कुठे आहे ते बघा. हारापाशी ती नाही. नाग दबा धरून बसलेत आणि ती हात जोडते आहे, त्या एका वाक्यापाशी ती आहे. आपलं बोलणं कोणी ऐकतंय हे तिला माहीत नाही. जे तिच्या जिवावर उठलेत त्यांचीच खुशाली ती मागते आहे, आणि नावही कोणतं घेते? लांडा म्हणजे शेपूट तुटलेला. तिच्या हातून पडलेला दिवा त्या नावात आहे. आपली चूक ती विसरलेली नाही, आणि त्या नावापुढे 'बा' लावून ती त्यांना भाऊ म्हणते. भाचीचा प्रश्न नेमका इथं पोचला होता. त्या पाच वर्षांच्या मुलीला क्षमा हा शब्द नको होता. पाठीमागेही चांगलं बोलणारी बाई आणि ते ऐकून शांत झालेले नाग तिला दिसले होते.

भारुंडाची कळ निराळी आहे, कारण तिथं गोष्ट फसते. एक पोट आणि दोन माना असलेला हा पक्षी. समुद्रकाठी लाटांनी आणून टाकलेलं अमृतासारखं गोड फळ एका तोंडाला मिळतं. दुसरं म्हणतं, मलाही थोडं दे, चव तरी बघू. पहिलं म्हणतं, पोट तर एकच आहे, मग वेगळं कशाला खायचं? उरलेलं ते आपल्या बायकोला देऊन टाकतं. दुसऱ्याच्या मनात ते राहतं. पुढे एकदा दुसऱ्याला विषारी फळ सापडतं, पहिलं विनवतं, खाऊ नकोस, आपण दोघंही मरू. तरी ते खातं.

इथं बहुतेक जण विषाच्या फळापाशी आवाज चढवतात. मी गोड फळापाशी थांबते. "पोट तर एकच आहे" हे बोलणं हुशारीचं आहे, हिशोबानं अगदी बरोबर आहे, आणि तरी दुसऱ्याला लागतं. घरात दोन भावंडं असतील तर त्यांना हे वाक्य आपोआप ओळखीचं वाटतं. लहान मुलांना मी शेवटचा घास सांगत नाही. फळ चोचीत धरलेलं असताना थांबते आणि विचारते, "आता पहिल्या तोंडानं काय म्हणावं?" एका मुलानं सांगितलं होतं, "त्यानं आधी सॉरी म्हणायला पाहिजे, मग विष टाक म्हणायचं." क्रम त्यानं बरोबर लावला होता.

तिसरी पायरी: पाठ करू नका, सांगाडा बांधा

1868 साली लंडनमध्ये दख्खनच्या लोककथांचा एक संग्रह छापला गेला. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिनं तो केला, पण गोष्टी होत्या तिच्या आयाच्या, ॲना लिबेराटा डिसूझा यांच्या. ॲनाबाईंनी त्या लहानपणी आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्या होत्या. राक्षस, नाग, गरूड सगळं त्यात आहे, आणि ते सगळं एका आजीच्या तोंडी सांगण्यातून टिकलं. म्हणून वाचलेली गोष्ट आधी मिटून ठेवा आणि तुमच्या तोंडी बसू द्या.

कागदावर सहा-सात टप्पे लिहा, प्रत्येकी दोन शब्दांत. नागपंचमीचे माझे टप्पे असे: एकटी सून, मामा आला, वारूळ, दिवा पडला, सूड, पाटावर नाग, हार. भाजी निवडताना किंवा बसमध्ये मनातल्या मनात दोनदा सांगून बघा. शब्द दर वेळी बदलले तरी चालतील. फक्त तीन वाक्यं ठरवून ठेवा आणि ती कधीच बदलू नका: पहिलं, शेवटचं आणि कळीचं. पहिलं "आटपाट नगर होतं", शेवटचं "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण", आणि मधलं "जिथं असतील तिथं खुशाल असोत".

माहेर, वारूळ, फणा, ताकीद हे शब्द सोपे करायच्या भानगडीत पडू नका. परदेशात वाढणाऱ्या, शनिवार-रविवारी मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांनाही ते तसेच सांगा. वारूळ म्हणजे काय हे हातानं दाखवता येतं. व्हिडिओ कॉलवर सांगत असाल तर कॅमेरा हातांवरही येऊ द्या.

राक्षसाचं वर्णन करताना एक काळजी घ्या. त्याला काळाकुट्ट, जाडा, कुरूप करू नका. सावळं, अंगानं भरलेलं मूल समोर बसलेलं असतं आणि ते शब्द ते स्वतःला लावून घेतं. राक्षस त्याच्या भुकेनं, पावलांच्या आवाजानं, "माणसाचा वास येतोय" या गुरगुरण्यानं उभा करा. तो जास्त खरा होतो.

चौथी पायरी: सांगणं

खाली बसा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मुलाला काम द्या: "मी थांबले की तू 'हं' म्हणायचं." हा हुंकार जुना आहे आणि उपयोगाचा आहे. 'हं' उशिरा आला की समजायचं, मूल झोपतंय किंवा कुठेतरी अडकलंय. अडकलं असेल तर मागच्या टप्प्यावर या.

सात प्राण्यांचे सात आवाज काढायची गरज नाही. एक पुरतो. नागाला मी हळू, लांबवलेला आवाज देते, बाकी सगळं माझ्याच आवाजात. कळ आली की बहुतेक लोक जोरात बोलतात. तुम्ही हळू व्हा. ती सून देवापुढे पुटपुटते आहे, तेव्हा तुम्हीही पुटपुटाच. मूल पुढे सरकतं. मग दोन श्वास गप्प बसा आणि पुढे चला.

यक्षाची गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं सांगावी लागते, कारण ती कोड्यांची आहे. तळ्याकाठी चार भाऊ निपचित पडले आहेत, कारण यक्षाच्या प्रश्नांना उत्तर न देता ते पाणी प्यायले. तहानलेला युधिष्ठिर थांबतो. इथं प्रश्न मुलांनाच टाका. वाऱ्याहून वेगवान काय? गवताहून संख्येनं जास्त काय? मुलं विमान म्हणतील, मुंग्या म्हणतील, सगळं ऐकून घ्या आणि मग युधिष्ठिराची उत्तरं सांगा: मन, आणि चिंता. नंतर यक्ष म्हणतो, एका भावाला जिवंत करतो, कोणाला करू? या जागी मी प्रत्येक मुलाला बोलू देते. बहुतेक सगळे भीम नाहीतर अर्जुन म्हणतात, कारण पुढे लढाई आहे. युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. कुंतीचा एक मुलगा मी आहेच, माद्रीचाही एक राहू दे. खोली शांत होते. ती शांतता मोडू नका.

वेताळाचंही तसंच. राजानं तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. त्यामुळे प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न येतोच, आणि मोठी मुलं त्यावर भांडतात. भांडू द्या.

पाचवी पायरी: भीती

"जेव, नाहीतर बागुलबुवा येईल." हे वाक्य घरात कोणी म्हणत असेल तर आधी ते थांबवा. प्राण्याला शिपाई केलंत की तुमच्या सगळ्या गोष्टी वाया जातात. मग नाग आला की मूल विचार करतं, मी काय चुकलो? नागाच्या मनात काय चाललंय हे बघायला त्याला जागाच उरत नाही.

गोष्टीतली भीती मात्र काढून टाकू नका. दात नसलेल्या नागानं माफ केलं, तर त्यात काय विशेष? नाग चावू शकतो हे मुलाला कळलं पाहिजे, तरच त्याचं न चावणं मोठं वाटतं. माप मुलाच्या शरीरावरून घ्या. मूल तुमच्या जवळ सरकलं तर ठीक आहे. कानांवर हात ठेवले, तोंड फिरवलं किंवा मध्येच पाणी मागितलं, तर त्या जागी दोन वाक्यांत पुढे निघून जा. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला राक्षसाची गोष्ट दुपारी सांगा.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोला, पण त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजेडात. गोष्टीतला नागोबा मामा आहे, पण अंगणात निघालेला साप मामा नाही. तो दूधही पीत नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप नेहमी आढळतात. साप दिसला की लांब थांबायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. त्याला मारायचंही नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं नागाला संरक्षण आहे. ज्या मुलांना ही कहाणी आवडते, ती हे चटकन मान्य करतात.

सहावी पायरी: तात्पर्य सांगू नका

शाळेच्या पुस्तकांमुळे गोष्टीच्या शेवटी 'तात्पर्य' लिहायची आपल्याला सवय लागली आहे. ते वाक्य उच्चारलं की मुलाला कळतं, हा धडा होता, आणि धडा संपला. भाचीनं कूस बदलली ती म्हणून.

त्याऐवजी सुफळ संपूर्ण म्हणा आणि दिवा मालवा. प्रश्न आला तर उत्तर द्या, पण थोडक्यात. "शेपटं परत आली का?" याला मी "नाही, पण त्यांना चालायला येत होतं" असं म्हटलं होतं. प्रश्न आला नाही तर विचारू नका. "मग यातून काय शिकलास?" हे तर कधीच नाही. चार दिवसांनी भावंडांत भांडण झालं की "तुमचं भारुंडासारखं चाललंय" एवढं मात्र जरूर म्हणा. तेही एकदाच.

सातवी पायरी: पुन्हा तीच

तिसऱ्या-चौथ्या रात्री मूल तीच गोष्ट मागतं. नवी सांगायचा मोह होतो, तो टाळा. मूल तुमच्या चुका दुरुस्त करू लागेल: "मामा आधी आला, मग वारूळ." हे चांगलं चिन्ह आहे. आणखी दोन रात्रींनी सगळं तुम्ही सांगा, आणि ती पाटावर नाग काढून हात जोडते तिथं थांबा. खुशालीचं वाक्य समोरून येतं. माझ्या भाचीनं पहिल्यांदा ते म्हटलं तेव्हा लांडोबा, पुंडोबाच्या पुढे तिनं आपल्या धाकट्या भावाचंही नाव घेतलं होतं. त्या दिवशी दुपारी त्यानं तिची खडूपेटी मोडली होती.